घाटात मोटरहोम तापते: फॅन क्लच बदलायचा की डायरेक्ट करून घ्यायचा?

वाटसरू_घोडबंदर
नमस्कार मंडळी. आमची मोटरहोम म्हणजे जुन्या डिझेल मिनीबसवर बांधून घेतलेली गाडी. आत दोन बेड, छोटा ओटा, मागे पाण्याची टाकी, टपावर सोलर. इंजिन पुढे, बेल्टवर फिरणारा फॅन आणि त्याच्या मध्यभागी तो गोल फॅन क्लच.
त्रास असा की हायवेला सत्तर-ऐंशीने चालवली की टेम्परेचरचा काटा मधोमध, हलत नाही. पण गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा वर सरकायला लागतो, आणि कसारा घाटात कंटेनरच्या मागे दुसऱ्या गिअरवर रांगताना तर लाल पट्टीला जाऊन टेकतो. एसीही नेमका तेव्हाच गरम हवा फेकतो. थर्मोस्टॅट नवीन टाकला, रेडिएटर फ्लश केला, कूलंट बदललं, काही फरक नाही.
एक गॅरेजवाले म्हणतात रेडिएटरच बदला. दुसऱ्यांनी फॅन हाताने फिरवून बघितला आणि म्हणाले क्लच गेलाय, नवीन कशाला आणता, बोल्ट मारून डायरेक्ट, म्हणजे फॅन इंजिनबरोबर कायम फिरेल असा, करून देतो, अर्ध्या तासाचं काम. दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना घेऊन त्र्यंबकेश्वर करायचंय, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, घाटात गाडी सोडून चालत जायची वेळ येऊ नये एवढंच बघायचंय. तर रेडिएटर, डायरेक्ट, की नवीन क्लच? आणि हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपलं आपण होतं का?

कळंबोली_डिझेल
ताई, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. हायवेला थंड आणि रांगताना गरम म्हणजे हवा कमी पडतेय. वेगात असताना समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, फॅनची गरजच नसते. गाडी हळू झाली की सगळी भिस्त फॅनवर. हेच उलटं असतं, म्हणजे गावात थंड आणि हायवेला लोड पडला की गरम, तर मी पण रेडिएटर आतून चोक झालाय म्हणालो असतो. आत्ता रेडिएटर बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मुंब्रा_बायपास
+१. एसी त्याच वेळी मरतो ही पक्की खूण. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यालाही हवा तोच फॅन देतो.

निवृत्त_वर्कशॉप
वाटसरू ताई, माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.
फॅन क्लचच्या आत दोन भाग असतात. एक पाण्याच्या पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणार, दुसरा बाहेरचा डबा, ज्याला फॅनची पाती बसवलेली असतात. दोघांचा एकमेकांना थेट स्पर्श नाही, मधे घट्ट सिलिकॉन ऑइल. डब्याच्या तोंडावर तुम्हाला घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक गुंडाळी किंवा पट्टी दिसेल, ती बायमेटलची, म्हणजे दोन वेगळे धातू एकत्र चिकटवलेले. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते आणि आतला व्हॉल्व उघडते, मग साठ्यातलं ऑइल दोन भागांच्या खाचांमध्ये येतं आणि त्या ऑइलच्या ओढीने फॅन जोरात फिरायला लागतो. हवा थंड झाली की व्हॉल्व बंद, ऑइल परत साठ्यात, फॅन नुसता निवांत फिरतो. यात वायर नाही, सेन्सर नाही, सगळं त्या पट्टीवर.
आता तपासणी. इंजिन थंड, बंद, चावी खिशात. फॅनला हाताने एक टिचकी मारून फिरवा. चांगला क्लच जड लागतो, फार तर एक-दीड फेरी मारून थांबतो. भिंगरीसारखा फिरतच राहिला तर ऑइल गेलंय. मग पात्याचं टोक धरून पुढेमागे हलवा, लक्षात येण्यासारखा खुळखुळा असेल तर बेअरिंग संपलंय, आणि ते जास्त गंभीर, कारण पाती रेडिएटरला घासू शकतात. तिसरं, डब्यावर मधून बाहेरच्या बाजूला गेलेले काळे तेलकट पट्टे आहेत का बघा.
आणि एक, जे गॅरेजमध्ये सहसा कुणी बघत नाही. फ्लश केलात तो आतून. बाहेरून काय? कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा आणि बघा. तिथे धूळ, कापसाची लव, पानं यांचा थर साचला असेल तर हवाही जात नाही आणि बायमेटलपर्यंत गरम झोतही पोचत नाही, म्हणजे चांगला क्लचसुद्धा लागत नाही, फॅनला पकडत नाही. क्लच बदलण्याआधी हे बघाच.

दादूस_कोपरखैरणे
दादूस लोक, एवढा विचार कशाला? आमचा टेम्पो वर्षानुवर्षं डायरेक्ट फॅनवर चालतोय, वाशीच्या मार्केटमधून माल भरून रोज ये-जा, कधी तापला नाही. ऑइल नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही उरतच नाही. ताई बिनधास्त डायरेक्ट करा.

रबाळे_एमआयडीसी
दादूस, तुमचा टेम्पो शहरात तीस-चाळीसने चालतो म्हणून खपून जातं. यांची गाडी लांबच्या प्रवासाची आहे. फॅनला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फॅन दुप्पट वेगाने फिरला तर ताकद आठ पट लागते. समृद्धीवर तासन् तास तीन हजारच्या आसपास आरपीएम ठेवायचे आणि फॅन पण पूर्ण वेगात, ते सगळं डिझेलमधून जाणार, आणि त्या वेगात त्या हवेची गरजही नसते. आवाज वेगळाच. या गाड्यांमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी कव्हरखाली असतं, सासूबाईंशी बोलायला ओरडावं लागेल.
दुसरं म्हणजे भोकं पाडून बोल्ट मारले किंवा वेल्डिंग केलं की बॅलन्स जातो आणि तो सगळा हादरा पंपाच्या बेअरिंगला बसतो. पंप घाटात गेला तर कूलंट रस्त्यावर.
आणि आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळा. साचलेल्या पाण्यातून जाताना पाण्याचा अडथळा आला की क्लचवाला फॅन घसरतो, थांबतो. डायरेक्ट फॅन इंजिनच्या जोरावर पाणी कापत राहतो, पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरमध्ये घुसतात. सबवेत एका व्हॅनचं हे झालेलं मी समोर बघितलंय, रेडिएटरवर गोल चक्राचा कोरीव ठसा उमटला होता.

दादूस_कोपरखैरणे
पाण्याचं खरं आहे, ते मान्य. पण मी एक सांगतो, घाटात क्लच मेला आणि बरोबर म्हातारी माणसं, पोरं आहेत, तर घरी पोचण्यापुरतं लॉक करायला काय हरकत?

रबाळे_एमआयडीसी
घरी पोचण्यापुरतं असेल तर काहीच हरकत नाही, उलट त्या वेळी तेच शहाणपण. माझा विरोध कायमचं करण्याला आहे.

खारीगावचा_खवय्या
गाडी तापली, ड्रायव्हर तापला, एसी बंद म्हणून मागची मंडळी तापली. त्र्यंबकला पोचेपर्यंत थंड फक्त डब्यातल्या पुऱ्या! ताई, काहीही करा पण क्लच आधी करा :)

वाटसरू_घोडबंदर
हाहा, पुऱ्या नाही, आमच्याकडे धपाटे असतात. काकांनी सांगितलेली तपासणी उद्या सकाळी करते. घाटात काटा चढलाच तर त्या क्षणी काय करायचं हेही कुणीतरी सांगा.

कळंबोली_डिझेल
एसी लगेच बंद. हीटर असेल तर फुल गरमवर आणि ब्लोअर जोरात, खिडक्या उघड्या. घाम फुटेल पण हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तेवढी उष्णता बाहेर पडते. गिअर एक खाली घ्या, इंजिन जरा मोकळं फिरलं की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात, वरच्या गिअरवर दाबून ओढू नका. तरी चढतोय असं दिसलं तर लाल पट्टीची वाट न बघता सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. कूलंट गळत नसेल आणि वाफ निघत नसेल तर दोन-चार मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवा, एकदम बंद केली की हेडमधलं कूलंट जागच्या जागी उकळतं. वाफ किंवा गळती दिसली तर मात्र लगेच बंद.
आणि रेडिएटरच्या टोपीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. आत दाब असतो. साधं पाणी १०० अंशाला उकळतं, पण त्या टोपीच्या साधारण १५ पीएसआय दाबाखाली ते १२० च्या आसपास जातं. टोपी उघडली की दाब गेला, सगळं एका क्षणात उकळून तोंडावर.

जीपवाला_येऊर
सगळे नवीन क्लच म्हणतायत म्हणून एक पर्याय सांगतो, ऑइल भरणे. लँड क्रूझरवाले हे जगभर करतात, टोयोटाचं सिलिकॉन ऑइल १८ मिलीच्या ट्यूबमध्ये येतं, ३०००, ६०००, १०,००० सेंटीस्टोक असे जाडीचे प्रकार. डब्याचे स्क्रू उघडून जुनं काढायचं, नवीन भरायचं. माझ्या जुन्या जीपला केलंय, उत्तम चालतंय.

निवृत्त_वर्कशॉप
बरोबर आहे, पण तो डबा स्क्रूचा असेल तर. बहुतेक क्लच कडा दाबून कायमचे बंद केलेले असतात, ते उघडले की संपले. शिवाय ऑइल गेलं ते कुठून गेलं? सील किंवा बेअरिंगमधून. ते तसंच ठेवून वरून ऑइल भरलं तर ते पण त्याच वाटेने जाणार. बेअरिंग घट्ट आणि डबा स्क्रूचा असेल तरच त्या वाटेला जावं.

सोलर_कॅम्पर
माझं मत वेगळं. हे सगळं काढून दोन इलेक्ट्रिक फॅन लावा, टेम्परेचर स्विचवर. मोटरहोमला तसाही मोठा अल्टरनेटर असतो, सोलर असतं.

रबाळे_एमआयडीसी
सोलर, घाटात, पावसाळ्यात? १२ व्होल्टचा एक चांगला फॅन ३०० ते ६०० वॅट खातो, म्हणजे २५ ते ५० अँपिअर. दोन लावले तर वायर, रिले, फ्यूज सगळं त्या हिशोबाने हवं. आणि जड डिझेल गाडीचा मोठा यांत्रिक फॅन लोडखाली कित्येक किलोवॅट घेतो, तेवढी हवा दोन छोट्या फॅननी ओढणं कठीण. छोट्या कारला ठीक आहे, चार-पाच टनी गाडीला घाटात मी तरी भरवसा ठेवणार नाही.

सोलर_कॅम्पर
माझी व्हॅन छोटी आहे हे खरं, तिला पुरतं. चार-पाच टनाला तुमचा हिशोब पटतो.

शहापूरकर
विषय सोडून बोलतो, पण कसारा घाटच कशाला घेताय? ५ जून २०२५ पासून समृद्धी पूर्ण उघडलाय, ७०१ किलोमीटर, आमच्या इथल्या आमणेला चढायचं ते थेट इगतपुरी. मधे जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, घाटातली वळणं नाहीत, कंटेनरच्या मागे रांगणं नाही.

मुंब्रा_बायपास
रस्ता झकास आहे, पण इगतपुरी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, ती उंची वळणांनी चढा नाहीतर सरळ चढा, इंजिनाला चढायचीच आहे. मेलेला क्लच घेऊन तिकडे गेलात तर तापायची जागा बदलेल एवढंच. बोगद्यात गाडी बंद पडणं घाटापेक्षा वाईट.

शहापूरकर
ते बरोबर. क्लच करून मग समृद्धीने जा. आणि येताना घाटातून या, पावसाळ्यानंतर धबधबे संपले तरी हिरवं असतं.

ऐरोली_आजोबा
आमच्या काळी गाडीत बोअरचं पाणी टाकायचो आणि काही व्हायचं नाही. कूलंट म्हणजे कंपन्यांचा धंदा.

निवृत्त_वर्कशॉप
आजोबा, तुमच्या काळची इंजिनं ओतीव लोखंडाची आणि रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. आता अॅल्युमिनियम आहे, बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो आणि गंज लागतो. नुसत्या पाण्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद कूलंटच्या मिश्रणापेक्षा थोडी जास्तच असते, तेवढं तुमचं खरं, पण गंजापासून राखण मिश्रणच करतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, यात काटकसर नको.

वाटसरू_घोडबंदर
तपासणी केली. थंड इंजिनवर फॅनला टिचकी मारली तर फिरतच राहिला, अक्षरशः हाताने थांबवावा लागला. डब्यावर तेलकट काळे पट्टे आहेत, त्यात धूळ चिकटून त्याची खरवड झालीये. पात्यांना खुळखुळा नाही. आणि काका, कंडेन्सरच्या मागे टॉर्च मारला तर राखाडी गोधडीसारखा थर, त्यात सुकलेली पानं. फ्लशचं बिल भरताना हे कुणी बोललं नव्हतं.
म्हणजे नवीन क्लच नक्की. घेताना काय बघायचं?

कळंबोली_डिझेल
चॅसिस नंबर घेऊन जा, गाडीचं नाव सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार क्लच बदलतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे ट्रकचे पार्ट विकणारी दुकानं भरपूर आहेत, नाहीतर कुर्ल्याला सीएसटी रोड. शक्यतो जुना काढून बरोबर न्या आणि शेजारी ठेवून बघा: उंची, बोल्टच्या भोकांची जागा, आट्यांची दिशा, आणि कुठल्या बाजूला फिरणारा आहे. हे शेवटचं लोक विसरतात. आत ऑइल ढकलायची रचना एकाच दिशेसाठी असते, उलट्या दिशेचा बसवला तर बसेल नीट पण काम करणार नाही.
आणि घरी आणताना, ठेवताना उभाच ठेवा, गाडीत बसतो तसा. बरेच दिवस आडवा पडलेला क्लच दुकानदार देत असेल तर घेऊ नका, ऑइल सीलकडे उतरून गळायला लागतं.

निवृत्त_वर्कशॉप
घरी होईल का विचारलं होतंत. होईल, पण दोघं जण हवेत आणि घाई नको.
इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर, म्हणजे काउल, त्याचे बोल्ट सोडवून मागे सरकवा. रेडिएटरच्या जाळीसमोर जाड पुठ्ठा उभा करा, पाना घसरला की नाजूक पत्र्यांची वाट लागते.
मधला मोठा नट बहुतेक गाड्यांत ३२ किंवा ३६ चा असतो, काहींना नट नसून चार छोटे बोल्ट असतात. नट असेल तर जोर लावायच्या आधी थांबा. समोरून बघताना फॅन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर आटे बहुधा उलटे असतात. लक्षात ठेवायची खूण, फॅन ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला नट फिरवला की सुटतो. त्यामुळे चालू गाडीत तो आपोआप आवळला जातो. पुली धरून ठेवायचं हत्यार लागतं, आणि बेल्ट काढू नका, घट्ट बेल्टची पकड कामाला येते. पान्याच्या दांड्यावर हातोडीने एक नेमका ठोका, ढकलत बसण्यापेक्षा त्याने लवकर सुटतो. छिन्नी लावून नट कापू नका.
फॅन आणि क्लच एकत्र बाहेर येतील. फॅन नव्या क्लचवर लावताना पात्यावर समोरची बाजू लिहिलेली असते ती बघा, उलटा लागला तर हवा निम्मीही येत नाही. पात्याला केसाएवढी तडा असेल तरी फॅन बदला. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. सगळं लावून झाल्यावर हाताने एक पूर्ण फेरी मारा, कुठेही काउलला किंवा रेडिएटरला घासता कामा नये. आणि काउल परत लावाच. काउल नसेल तर फॅन आजूबाजूची हवा घुसळत बसतो, रेडिएटरमधून ओढत नाही.
तो मधला थर धुताना इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या पाइपने. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप नको, जाळी वाकते.

पनवेलची_पल्लवी
काकांच्या यादीत मोटरहोमवाल्यांसाठी एक भर. इंजिनची बॅटरी काढली तरी आतले दिवे-पंखे चालवणारी दुसरी बॅटरी चार्जिंगच्या रिलेतून किंवा चार्जरमधून करंट परत पाठवू शकते, सोलर तर दिवसभर चालूच. दोन्ही बाजूंचे मेन स्विच बंद करा. कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो करंट मिळाल्यावर अचानक सुरू होतो, बोटं तिथे असताना नको.
चालू इंजिनसमोर ओढणी, सैल बाही, मोकळी वेणी अजिबात नको. काही लोक चालू फॅनमध्ये गुंडाळलेला पेपर घालून थांबतो का बघतात, तो प्रकार करू नका, हात गेलेला माणूस मला माहीत आहे.

दादूस_कोपरखैरणे
ताई, पुली धरायचं हत्यार पाहिजे तर माझ्याकडे आहे, तीन हात नाक्याला येणं होतं माझं, मेसेज करा.

वाटसरू_घोडबंदर
काम झालं! दादूस, हत्याराबद्दल मनापासून आभार, त्याच्याशिवाय नट हललाच नसता. आटे उलटेच होते. ह्यांनी पुली धरली, मी पान्यावर ठोका मारला आणि टक्क असा आवाज होऊन सुटला. जुना क्लच हातात घेतल्यावर बोटांना मधासारखं चिकट लागत होतं, म्हणजे ऑइल सीलमधूनच गेलं होतं. फटीतला थर धुवून काढला तेव्हा पार्किंगमध्ये चिखलाचा ओहोळ झाला, सेक्रेटरी काका बघून गेले पण काही बोलले नाहीत.
नवीन बसवून सुरू केली तर पहिली एक-दोन मिनिटं फॅन एवढा घोंगावला की आम्ही दोघं दचकलो, मग आवाज आपोआप उतरला.
काल नाशिकला जाऊन आलो. मुद्दाम कसारा घाटातूनच गेलो, एसी चालू, कंटेनरच्या मागे. काटा मधल्या रेघेच्या जरा वर गेला, मग खालून फॅनचा घोंगाट ऐकू आला आणि काटा परत खाली. सासूबाई म्हणाल्या, हा आवाज कसला? म्हटलं आई, हाच ऐकायला तर सगळं केलं. फॅन लागतो आणि सुटतो हे कानाने कळतं हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

निवृत्त_वर्कशॉप
शाब्बास. सुरुवातीचा घोंगाट बरोबर आहे, गाडी उभी असताना ऑइल खाचांमध्ये उतरतं, फिरायला लागली की परत साठ्यात जातं. मात्र गाडी थंड असतानाही तो आवाज सतत येत राहिला, पिकअप पडला, डिझेल जास्त लागायला लागलं तर समजा क्लच अडकलाय. क्लच जाण्याची ती दुसरी तऱ्हा.

नेरूळ_नवीन
छान धागा. माझी गाडी बीएस-६ आहे, फॅन क्लचला चक्क वायर जाते. बायमेटल पट्टी दिसत नाही. ही तपासणी चालेल का?

रबाळे_एमआयडीसी
तो इलेक्ट्रॉनिक व्हिस्कस. ऑइल तेच, फक्त व्हॉल्व बायमेटलऐवजी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उघडतो, कूलंटचं तापमान, एसीचा दाब वगैरे बघून. हाताने फिरवून बेअरिंग आणि गळती कळेल, पण लागतो की नाही हे स्कॅनरवरच बघा, फॅनचा मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग दोन्ही दिसतात. अशा बऱ्याच क्लचमध्ये वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला तर फॅन कायम लागलेला राहतो, म्हणजे इंजिन वाचतं पण आवाज आणि डिझेल वाढतं. तसं झालं तर नवा क्लच घेण्याआधी वायर उंदरांनी कुरतडलीये का ते बघा, नेरूळला पार्किंगमध्ये उंदीर फार आहेत.